विरजणाचा मालक

विरजण कुणी विकत घेतं का हो? बोरगव्हाणात तरी घेत नव्हतं. दही संपलं, फार आंबलं, मांजरानं तोंड घातलं, की वाटी घेऊन शेजारी जायचं आणि चमचाभर विरजण मागून आणायचं. तेही दिवेलागणीच्या आत. दिवे लागल्यावर कुणी वाटी घेऊन दारात उभं राहिलं तर म्हाताऱ्या बायका हाकलून लावत आणि सकाळी त्याच हाक मारून वाटी भरून देत. सोलापूरच्या अंगाचं ते कोरडं गाव, पाण्याला महाग. पण विरजणाला कुणी कुणाला नाही म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं.

अशा गावात हरितान्न नावाच्या कंपनीनं विरजणाच्या पुड्या वाटल्या आणि वर त्या विरजणाची मालकी सांगितली. आता बोला.

कंपनी आली तेव्हा गाव हरखलं होतं, हे खरं. पावसानं लागोपाठ दगा दिलेला, ज्वारी सोन्याच्या भावाची झालेली. कंपनीनं गावाबाहेरच्या खारवट माळावर लांबलचक उथळ टाक्या बांधल्या. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही तेच मचूळ पाणी त्यांत सोडलं आणि सूक्ष्म शेवाळ वाढवलं. एकेका पेशीचं, डोळ्यांना न दिसणारं, पण कोटींनी वाढलं की पाणी हिरवंगार करून टाकणारं शेवाळ. ते गाळून, वाळवून त्याचं पीठ केलं आणि त्याला प्राणदा असं नाव दिलं. ऊन फुकट, माळ ओसाड, पाणी कुणाच्या कामाचं नाही. यात वाईट काय होतं? इंदुमती गुरवांचा मुलगा सोपान टाक्यांवर कामाला लागला तेव्हा इंदुमतींनी देवळात पेढे वाटले. देऊळ मुरलीधराचं आणि पूजाअर्चा पिढ्यान्‌पिढ्या गुरवांच्या घरात. नवरा गेल्यापासून इंदुमतीच ती बघत. बाई तोंडानं फटकळ, हातानं उदार.

मेख होती ती पचनात. ज्वारीतलं पिष्ट आपले पाचकरस तोडतात, त्याची साखर होते आणि ती रक्तात जाते. या शेवाळातली बरीचशी कर्बोदकं मात्र वेगळ्याच गाठींनी बांधलेली. त्या गाठी सोडवणारा रस माणसाच्या पोटात नाही. खाल्लं तसंच बाहेर पडायचं. पण जिथं आपण हरतो तिथं मोठ्या आतड्यातले जिवाणू कामाला येतात. आपल्याला न पचलेला कोंडा ते आंबवतात आणि त्यातून जी सौम्य आम्लं तयार होतात त्यांच्यावर आतड्याची भिंत पोसली जाते. समुद्राकाठी पिढ्यान्‌पिढ्या शेवाळ खाणाऱ्या काही लोकांच्या आतड्यांत तर शेवाळाच्या गाठी सोडवणारे जिवाणू आपसूक घडलेले सापडले होते. कंपनीनं तीच विद्या उचलली आणि दुधात वाढणाऱ्या, आतड्यातही तग धरणाऱ्या एका जिवाणूत घातली. त्याचं विरजण माळावरच्याच शेडमध्ये, वेगळ्या बंद टाक्यांत तयार व्हायचं. त्याचं दही लावायचं, ते खायचं आणि वर प्राणदाची भाकरी खायची. जिवाणू शेवाळ फोडणार, माणसाला ताकद मिळणार. म्हणून पुडी फुकट आणि पीठ विकत.

हिशेब चोख होता. फक्त तो मांडणाऱ्यांपैकी कुणाच्याही दारात कधी वाटी घेऊन शेजारीण आली नसावी. पुड्या घेतल्या गावातल्या मूठभर घरांनी. पावसाळा निम्मा सरला नाही तोच ते दही आळीआळीत पोचलं. घट्ट लागायचं, गोड लागायचं. मागून नेणारीला काय ठाऊक ते कुठलं. पीठ घेणारी घरं मात्र होती तेवढीच राहिली.

आणि मग आला गोपाळकाला. बोरगव्हाणात त्या दिवशी घराघरातलं दही देवळातल्या मोठ्या घंगाळात ओततात. पोहे, लाह्या, काकडी, डाळिंबाचे दाणे, लिंबाचं लोणचं, सगळं त्यात पडतं. इंदुमती कोपरापर्यंत हात घालून कालवतात आणि एकेकाच्या तळहातावर घास ठेवतात. काल्याला नाही म्हणायचं नसतं. ज्या दोन-चार घरांत पुडीचं दही शिरलं नव्हतं त्यांच्याही पोटात ते त्या दिवशी गेलं.

दसऱ्याच्या आत पोटं बिघडायला लागली. आधी नुसती जळजळ, मग मुरडा, मग भाकरी खाल्ली की पोटात निखारे ठेवल्यासारखं व्हायचं. काहींच्या शौचात रक्त दिसलं. आणि गावाला गाव म्हणतात ते उगाच नाही. दोष द्यायला माणूस लगेच सापडलं. काला कुणी कालवला? गुरविणीनं. हात धुतला नसेल, घंगाळ कळकलं असेल, बाईचं देवाधर्माकडं लक्ष राहिलं नाही, पोरगा कंपनीत लागल्यापासून माजलीय. नळावर ही कुजबुज, पारावर तीच. इंदुमतींनी घंगाळ चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, पुन्हा कल्हई लावून घेतली. तरी एका सकाळी त्यांनी दिलेला प्रसाद एका बाईनं घेतला आणि खांबाआड जाऊन हळूच खाली ठेवला. इंदुमतींनी ते पाहिलं. उरलेला प्रसाद वाटून संपवला. पण घरी येऊन पदर तोंडात कोंबून रडल्या. सगळा जन्म ज्या हातानं गावाला घास भरवला त्या हाताची लोकांना किळस यावी, याहून मोठी शिवी कुठली?

त्यात घरातच आग लागली होती. सोपानची बायको केतकी सहाव्या महिन्यात होती. बार्शीच्या कॉलेजात शिकलेली, मितभाषी पोर. दोन घास खाल्ले की पोट धरून भिंतीला टेकून बसायची. वजन वाढायचं त्या दिवसांत ती वाळत चालली.

एक गोष्ट मात्र गावाच्या नजरेत भरली. हिरवं पीठ खाणारी घरं ठणठणीत होती. ती नजरेत भरावी म्हणून कंपनीचे विक्री अधिकारी मंदार कुलथे स्वतः पुण्याहून आले आणि देवळासमोर माइक घेऊन उभे राहिले. प्राणदा खाणारे बघा आणि न खाणारे बघा, असं त्यांनी हसून सांगितलं. लोकांनी पाहिलं आणि पिशव्या घेऊन रांग लावली. काय म्हणावं याला? घराला आग लावायची आणि त्याच घरासमोर पाण्याचा टँकर विकायला उभा करायचा.

केतकीला घेऊन इंदुमती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टर फरीदा मुजावर यांनी तपासण्या करून घेतल्या आणि दोघींना समोर बसवून नीट समजावून सांगितलं. आतड्याच्या आतून एक बुळबुळीत थर असतो, तो भिंतीला जपतो. तोही एका परीनं साखरेच्याच साखळ्यांचा बनलेला. कंपनीच्या जिवाणूला शेवाळ मिळालं तर तो शेवाळ खातो. न मिळालं तर उपाशी राहत नाही, तो थर खरवडून खायला लागतो. दह्यातली साखर मोठ्या आतड्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून दह्यावर त्याचं भागत नाही.

"मग ज्वारीचा कोंडा खाईना का मेला," इंदुमती म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी तपासणीचा कागद पुढं ओढला. मग म्हणाल्या की ती सोय त्यात होती, पण काढून टाकलेली दिसते. मूळ जातीला कोंडा पचवता येतो. याला मुद्दाम येऊ दिलेला नाही. आणि भोवतालच्या इतर जिवाणूंना हुसकून लावण्यात हा पटाईत आहे. थोडक्यात, एकदा हा घरात घुसला की प्राणदा विकत घेत राहायचं, नाहीतर रक्त सांडायचं. याला मारणारं एक औषध होतं, पण ते पोटातले बाकीचे चांगले जिवाणूही मारायचं आणि गरोदर बाईला तर देताच येत नव्हतं. आणि बाळंतपणाच्या आत तो गेला नाही तर आणखी एक गोष्ट होणार होती. बाळ जन्माला येताना आईच्या आतड्यातले जिवाणू बरोबर घेऊनच येतं. त्याच्या कोऱ्या पोटात पहिला मुक्काम याच जिवाणूचा पडला असता.

घरी येताना एसटीत केतकी एकच वाक्य बोलली. "आत्या, म्हणजे माझं बाळ जन्मतःच त्यांचं गिऱ्हाईक."

इंदुमतींच्या डोक्यात तिडीक गेली ती उतरलीच नाही. घरात हिरव्या पिठाची चिमूटसुद्धा येणार नाही, असं त्यांनी उंबऱ्यावर उभं राहून जाहीर केलं. चोराच्या हातचं खायचं नाही म्हणजे नाही. सोपाननं समजावून पाहिलं, तर त्यालाही धारेवर धरलं. ताकाची आंबील करून घातली, मुगाचं कढण घातलं, डाळिंबाच्या सालीचा काढा दिला. केतकी मुकाट्यानं घेत राहिली आणि वाळत राहिली.

मग एकाएकी तिला बरं वाटायला लागलं. गालावर रंग आला, रात्रीची झोप लागायला लागली. इंदुमतींनी देवापुढं साखर ठेवली. दोनच दिवसांनी डाळीचा डबा काढताना मागं हिरव्या पिठाची पिशवी हाताला लागली. सोपाननं आणून दिली होती.

त्या दिवशी त्या घरात जे झालं ते शेजारच्या आळीपर्यंत ऐकू गेलं. इंदुमतींनी पिशवी अंगणात भिरकावली. तोंडाला येईल ते बोलल्या. बायकोचा बैल झालास, असं मुलाला म्हणाल्या. शिकली सवरली आणि लाचार झाली, असं सुनेला म्हणाल्या. केतकीनं सगळं ऐकून घेतलं. मग अंगणात गेली, पोट सांभाळत खाली बसली आणि सांडलेलं पीठ हातानं गोळा करू लागली.

"तुमचा राग तुमच्या तोंडात आहे, आत्या," ती वर न बघता म्हणाली. "माझं रक्त जातंय. तुमच्या रागाची किंमत मी किती दिवस देऊ?"

पोर खोटं काय बोलत होती? अन्याय कंपनीनं केला, राग इंदुमतींना आला आणि उपास घडला तो पोटुशी पोरीला. त्या अंगणात आल्या, सुनेच्या शेजारी बसल्या आणि मातीबरोबर आलेले खडे वेचून टाकू लागल्या. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातांनी त्या पिठाची भाकरी थापली. हिरवी, वासाला तळ्यासारखी ती भाकरी तव्यावर टाकताना त्यांनी कंपनीला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. पण भाकरी दोन्ही अंगांनी नीट शेकली आणि वर तुपाची धार धरली.

दिवाळी झाली आणि कुलथे त्यांच्या दारात आले. सोबत मिठाईचा बॉक्स. काकू, काकू म्हणत खुर्चीवर टेकले. कंपनीनं बाळांसाठी खास योजना काढलीय, म्हणाले. आईनं आत्ताच नाव घातलं तर बाळाला पाच वर्षांपर्यंत पीठ निम्म्या दरात. इंदुमतींनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, कारण दारात आलेल्याला पाणी विचारायचं असतं. मग सांगितलं की नाव घालायचं नाही. कुलथ्यांचं हसू जरा आक्रसलं. ते म्हणाले की नाव न घालता कंपनीचा जिवाणू बाळगणं हा गुन्हा ठरू शकतो. जिवाणू कंपनीनं घडवलाय, त्याची नोंद आहे, पेटंट आहे. गावानं परवानगी न घेता तो वाढवला, एकमेकांना वाटला, देवळात तर जाहीर वाटला. कंपनीनं प्रांतसाहेबांकडं तक्रार केलीय आणि येत्या सोमवारी शाळेच्या सभागृहात सुनावणी आहे.

वाटीभर विरजण दिलं म्हणून गाव चोर. ऐकलंत ना? पोट आमचं, रक्त आमचं आणि चोरही आम्हीच.

जाता जाता कुलथ्यांनी सोपानला बाजूला घेतलं. आई सुनावणीत काही बोलली तर कामावर यायची तसदी घेऊ नको, एवढंच सांगितलं. सोपाननं ते आईला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं. केतकी म्हणाली, आत्यांना आपण दोघांनी मिळून एकदा गप्प बसवलंय, पुन्हा मी ते करणार नाही. सोपान रात्रभर कूस बदलत राहिला.

सोमवारी सभागृह खच्चून भरलं. टेबलापाशी प्रांत मॅडम, एका बाजूला कुलथे आणि कंपनीचे वकील, दुसऱ्या बाजूला डॉक्टर मुजावर. डॉक्टरबाईंनी पोटात काय चाललंय ते थोडक्यात मांडलं. वकिलांनी ते नाकारलं नाही. उलट त्यांचा मुद्दाच तो होता: जिवाणू प्राणदाबरोबरच वापरावा असं पुडीवर बारीक अक्षरात छापलंय, गावानं तो नुसता वापरला, दोष गावाचा. मागच्या रांगेत कुणीतरी दबक्या आवाजात आईमाई काढली. गुरविणीला महिनाभर बोल लावणारी तोंडं आता खाली गेली होती.

प्रांत मॅडमनी गावाच्या वतीनं कोण बोलणार म्हणून विचारलं. कुणी उठेना. जो तो शेजाऱ्याकडं बघायला लागला. शेवटी इंदुमती उठल्या. त्यांनी पदर खोचला आणि सरळ कुलथ्यांना विचारलं.

"साहेब, आमच्या पोटात जो जीव हाय तो नक्की कुणाचा?"

"कंपनीचा," कुलथे म्हणाले.

"आमच्या पोटात ऱ्हातो, आमच्यावर वाढतो, म्हणून आमचा झाला, असं तर न्हाई?"

"अजिबात नाही. तो कितीही वाढला, कुठंही गेला, तरी मालकी कंपनीचीच. त्यात वादच नाही."

वकिलांनी कुलथ्यांच्या बाहीला हात लावला, पण बोलून झालं होतं. इंदुमती प्रांत मॅडमकडं वळल्या आणि हे लिहून घ्यायला सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं.

"आमच्या गावात कोंडवाडा हाय," इंदुमती म्हणाल्या. "कुणाची म्हैस दुसऱ्याच्या पिकात शिरली तर तिला धरून कोंडवाड्यात घालत्यात. मग मालकानं यायचं, दंड भरायचा, नुकसान भरून द्यायचं आन् आपली म्हैस घेऊन जायचं. शेतवाल्याला कुणी म्हनत न्हाई, की तू तिला पेंड का घातली न्हाईस, तू म्हैस चोरलीस. जनावर तुमचं हाय, तुम्ही आत्ताच म्हनलात. ते माझ्या सुनेचं आतडं खातंय. आन् तुम्ही मलाच पेंड इकताय. तुमचं हाय तर काढून घेऊन जा. न्हाईतर आमचं न्हाई म्हना, मग आमचं आम्ही बघू."

मग मागून एक म्हातारा बरोबर म्हणाला आणि हां हां म्हणता सगळे तेच म्हणू लागले. प्रांत मॅडमनी हात वर करून गलका थांबवला आणि कुलथ्यांना विचारलं की हा जिवाणू माणसाच्या पोटातून काढता येतो का.

कुलथे वकिलांकडं पाहू लागले. वकील टेबलाकडं. काढता येत नाही म्हणावं तर असला जीव माणसांत सोडायची परवानगी मिळाली कशी, हा पुढचा प्रश्न तयार होता. मॅडमनी तोच प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला.

"येतो," कुलथे म्हणाले. "फक्त त्याच जिवाणूला मारणारा एक विषाणू आहे. बाकी कशाला धक्का लावत नाही. आम्ही विरजणाच्या टाक्या त्यानंच धुतो."

सोपान भिंतीला टेकून उभा होता. तो दोन पावलं पुढं आला. "पांढऱ्या कॅनमधलं पाणी?" त्यानं विचारलं. "ते मी दर आठवड्याला टाक्यांत ओततो. माझ्या हातानं ओततो."

सोपान आपल्या हातांकडं बघत राहिला. ज्या दिवसांत बायको भिंतीला टेकून कण्हत होती त्या दिवसांत तिचं औषध तो गटारीला लावत होता आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर मुजावर खुर्चीतून उठल्या. ते गरोदर बाईला चालतं का, असं त्यांनी विचारलं.

चालतं, चाचण्या झाल्यात, कुलथे म्हणाले. परवानगीसाठी त्या कराव्याच लागतात. मग घसा खाकरून त्यांनी खुलासा केला.

"पण ती सेवा फक्त नोंदणी केलेल्या ग्राहकांसाठी आहे. सलग दोन वर्षं पीठ घेतल्यानंतर."

यावर ओरडणारं पहिलं कोण, ते सांगता यायचं नाही, कारण सगळं सभागृह एकदम उठलं. बाकडी सरकली, खुर्च्या पडल्या, कुलथ्यांच्या शर्टाला दहा हात पोचले. इंदुमतीच मध्ये उभ्या राहिल्या म्हणून त्यांच्या अंगाला बोट लागलं नाही. प्रांत मॅडम टेबलावर हात आपटत होत्या आणि आदेश आजच्या आज काढते, उद्या कंपनीत पथक जाईल, असं ओरडून सांगत होत्या.

त्या गोंगाटात केतकी जागेवरून उठली. आठवा लागला होता. एका हातानं बाकाचा आधार घेत ती चालत दारापाशी गेली, उंबऱ्यासमोर थांबली आणि हळूहळू, एका कुशीवर भार देत फरशीवर बसली. तिला बसताना पाहून माणसं गप्प होत गेली.

"उद्या नाही," ती म्हणाली. "कॅन आत्ता इथं आणा. तोवर मी दारातून हलणार नाही. साहेबांना जायचं असेल तर त्यांनी मला ओलांडून जावं."

गरोदर बाईला ओलांडून जाईल असा माणूस त्या सभागृहात नव्हता. कुलथे खाली बसले. इंदुमती सुनेच्या शेजारी बसल्या, त्यांच्या शेजारी नळावरच्या बायका येऊन बसल्या. प्रांत मॅडमनी तिथंच आदेश लिहून डॉक्टरबाईंच्या हाती दिला. सोपाननं गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, डॉक्टरबाईंना बरोबर घेतलं, बायकांनी सरकून दिलेल्या वाटेनं बाहेर पडला आणि प्रांत मॅडमच्या जीपमधून कॅन आणायला माळाकडं निघाला.